फाटक कोण उघडतं?

इंग्लंडच्या कालव्यांवरचे बोटीचे व्हिडिओ सलग तीन पाहिले की चौथ्यात काय असणार ते आधीच कळतं. पहाटेचं धुकं, गॅसवर ठेवलेली किटली, खिडकीजवळून जाणारं बदक, लांबलचक अरुंद बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा असलेला माणूस आणि त्याचा मऊ आवाज: घाई सोडा, जगणं किती सोपं आहे बघा. तिथल्या कालव्यांवर वेगमर्यादाच ताशी चार मैल आहे, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. आपल्याकडे म्हैस हाकणारा माणूस त्याहून फार मागे पडणार नाही.

मी हे व्हिडिओ भरपूर पाहिलेत. रात्री अकराला क्लायंटचा कॉल संपला की दुसरं काही डोक्यात शिरत नाही, तेव्हा ते बरे वाटतात. पण बरं वाटणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि समीक्षा त्या दोघींच्या मधल्या जागेत सुरू होते. या सगळ्या व्हिडिओंना, टीव्ही मालिकांना, प्रवासलेखांना एकच प्रश्न विचारून पाहावा असं मला वाटतं. तो प्रश्न माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे. त्याकडे येतोच. आधी पुस्तकाकडे.

एका पुस्तकामुळे वाचलेलं पाणी

या सगळ्या ‘हळू जगा’ साहित्याचं मूळ शोधत गेलं तर आपण एल. टी. सी. रोल्ट या माणसापाशी पोचतो. रोल्ट शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. जुलै १९३९ मध्ये तो आणि त्याची बायको अँजेला ‘क्रेसी’ नावाच्या बोटीतून बॅनबरी गावाहून निघाले आणि मध्य इंग्लंडच्या कालव्यांतून फिरले. त्या प्रवासावर त्याने ‘नॅरो बोट’ हे पुस्तक लिहिलं. ते छापून आलं डिसेंबर १९४४ मध्ये. महायुद्ध चालू, शहरांत रात्री दिवे मंद, कागदाचीही टंचाई, आणि हातात पुस्तक कसलं, तर एका संथ बोटीचं. लोकांनी ते उचलून धरलं यात नवल नाही.

पुस्तक आजही चांगलं वाटतं, आणि त्याचं कारण संथपणा नाही. रोल्टला वस्तू कशी बनते हे कळायचं. बॅनबरीच्या टूली यांच्या बोटशाळेत बोट कशी दुरुस्त होते, तिच्यावर गुलाब आणि किल्ल्यांची चित्रं कशी रंगवतात, फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन बोटीत कसं बसवलंय, हे तो इंजिनिअरच्या नजरेने बघतो आणि इंजिनिअर सहसा लिहीत नाहीत अशा भाषेत लिहितो. कालव्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, बोटीतच जन्मणारी आणि बोटीतच म्हातारी होणारी कुटुंबं त्याला भेटतात. ही माणसं आता संपत चालली आहेत हे त्याने फार आधी ओळखलं होतं.

पण याच ठिकाणी पुस्तक घसरतं. रोल्टच्या बोटीत अंघोळीचा टब आहे, पुस्तकं आहेत. त्याच्या शेजारून जाणाऱ्या बोटीत पंचवीस टन कोळसा आहे आणि मागे जेमतेम दहा फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब आहे. दोघांचं पाणी एकच. रोल्टला शेजारच्या बोटीत दिसतात पितळेच्या चकाकत्या मुठी, रंगवलेली बादली, जुन्या चालीरीती. सगळं खरं आहे. पण त्या खोलीचं भाडं कोण देतं, फेरीमागे पैसे किती मिळतात, माल भरायला आठवडाभर थांबावं लागलं तर चूल कशी पेटते, हे प्रश्न त्याच्या पानांत पुसटच राहतात. कष्ट त्याला दिसतात, पण चित्रासारखे.

हा काही उगाच काढलेला दोष नाही. रोल्टच्या आधी साठ-सत्तर वर्षं जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने याच बोटींमधल्या मुलांची अवस्था लोकांपुढे मांडली होती. एवढ्याशा खोलीत किती माणसं कोंबलेली, मुलांना शाळा नाही, आजार किती. त्याच्या खटपटीतून १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे झाले, बोटींची नोंदणी सुरू झाली, एका खोलीत किती माणसांनी राहायचं याला मर्यादा आली. म्हणजे त्या रंगीत खोलीची दुसरी बाजू इंग्रजीत लिहिली गेली होती. ती रोल्टच्या पुस्तकात हवी तितकी उतरली नाही.

पुढचा भाग आणखी विचित्र आहे. ‘नॅरो बोट’ वाचून रॉबर्ट एकमन नावाच्या लेखकाने रोल्टला पत्र लिहिलं, दोघं भेटले आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. कालवे बुजवू नका, वाचवा, ही तिची मागणी. मग कुठले कालवे आधी वाचवायचे, कोणासाठी वाचवायचे, यावरून भांडण झालं. ज्यांच्यावर अजून माल वाहणारी माणसं जगतात ते आधी, असं रोल्टचं मत. १९५१ मध्ये त्यालाच संस्थेतून काढलं गेलं. कालवे वाचले. माल वाहणारी कुटुंबं वाचली नाहीत. रस्ते आणि रेल्वेने त्यांचा धंदा आधीच खाल्ला होता, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, त्यात उरलासुरला व्यवहारही जवळजवळ थांबला. आज त्या पाण्यावर सुट्टीच्या बोटी फिरतात, आणि परवडणारं घर म्हणून बोटीत राहणारी माणसंही आहेत.

ज्या माणसांच्या प्रेमापोटी पुस्तक लिहिलं ती गेली आणि पुस्तकाने वाचवलेलं पाणी राहिलं. पुस्तक वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवली तर त्याची गोडी कमी होत नाही. उलट ते आणखी अस्वस्थ करतं, आणि मला वाटतं ते तसंच वाचायला हवं.

टार्डेबिगची एक दुपार

मी वर्षभर कंपनीच्या कामासाठी बर्मिंगहॅमला होतो. एका शनिवारी टीममधल्या नऊ जणांनी दिवसाच्या भाड्याने बोट घेतली. वूस्टर आणि बर्मिंगहॅम कालवा, अल्व्हचर्च गावापासून टार्डेबिगपर्यंत. मध्ये दोन बोगदे. बोगद्यात भिंतीवरून पाणी ठिबकतं, समोरच्या टोकाचा उजेड नाण्याएवढा दिसतो. इंजिनं येण्याआधी बोट ओढणारा घोडा डोंगरावरून वळसा घालून जायचा आणि माणसं बोटीवर आडवी पडून, पाय भिंतीला लावून, चालत चालत बोट पुढे ढकलायची. हे मी आमच्या टेस्टिंग लीडला सांगितलं तर ती म्हणाली, आपण फक्त चहा पिऊ या.

टार्डेबिगला पाण्याच्या पायऱ्या सुरू होतात. साडेतीन-चार किलोमीटरच्या अंतरात ३० लॉक, आणि २२० फुटांची चढउतार. ब्रिटनमधली लॉकची ही सगळ्यांत लांब रांग. ज्यांनी लॉक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: दगडी भिंतींचा एक अरुंद हौद, दोन्ही टोकांना लाकडी फाटकं. बोट खालून आली की खालचं फाटक लावायचं, लोखंडी चावी फिरवून वरच्या झडपा उघडायच्या, हौद भरू द्यायचा. बोट पाण्याबरोबर वर येते. फाटकाला लांब लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून रेटायचं. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय फाटक हलत नाही, कितीही जोर लावा. पाणी सारखं झालं की एक माणूस ते सहज उघडतो. आम्ही कोडमध्ये ज्या अटी लिहितो, त्या इथे लाकडाने आणि पाण्याने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यात.

आम्ही बोट वर बांधून ठेवली आणि काठाकाठाने चालत खाली गेलो. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना फाटकं उघडून देत होतो. तिथे लॉकवर मदत करणारे बरेच लोक निवृत्त स्वयंसेवक असतात, त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला चावी कशी धरायची ते शिकवलं. वरच्या लॉकजवळ एक फलकही आहे. युद्धकाळात रोल्टची ‘क्रेसी’ इथेच बांधलेली होती, ‘नॅरो बोट’ छापून आलं तेव्हा तो इथेच राहत होता, आणि एकमन त्याला भेटायला इथेच आला होता.

तिथूनच मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आमचं घर भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. बाबा धान करतात. त्यांना मी पाणी दाखवलं.

“बाबा, हे इथली नहर हाय.”

“नहरीत डोंगा चालते?”

“हो. दोनशे वर्षं झाली.”

“आन् पानी कोनाच्या बांधीत जाते?”

“कोनाच्याच नाही. माल न्यायले खोदली होती. कोळसा अन् मीठ.”

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ते फाटक कोन उघडून रायला? सरकारी मानूस हाय का?”

“आपणच उघडाचं.”

“मजुरी किती देतेत?”

“मजुरी नाही बाबा, आपणच भाडं भरतो.”

“हां,” बाबा म्हणाले, “पैसे भरून केलं तं ते काम नाही वाटत.”

वाचताना विचारायचा प्रश्न हाच. फाटक कोण उघडतंय, आणि त्याचे पैसे कोणाकडून कोणाकडे जातायत? पाण्यावरच्या कुठल्याही मजकुराला हे विचारलं की त्याचं बरंचसं धुकं उडून जातं.

त्याच पाण्यावरची दुसरी बोट

या कसोटीवर उतरणारं पुस्तक इंग्रजीत आहे, आणि ते रोल्टइतकं मिरवलं जात नाही. एमा स्मिथचं ‘मेडन्स ट्रिप’, १९४८ सालचं. युद्धात पुरुष कमी पडले तेव्हा माल वाहणाऱ्या बोटींवर तरुण बायकांना शिकवून पाठवलं गेलं. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आय डब्ल्यू’ अशी अक्षरं असायची, इनलँड वॉटरवेजची. लोक चेष्टेने म्हणायचे ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका. एमा स्मिथ त्यांच्यातलीच. तिने आपला अनुभव तीन मुलींच्या गोष्टीत बांधला: लंडनहून माल घेऊन बर्मिंगहॅमकडे, परत येताना कोळसा.

रोल्टचं पुस्तक आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचा. कालवे तसेच, लॉक तसेच, बोटीवर जगणारी माणसं तीच. पण स्मिथच्या पुस्तकात लॉक आला की आधी हात दुखतात. भूक लागते, सतत लागते. अंगावर कोळशाची भुकटी बसते आणि ती धुवायला सोय नाही. आपल्या पुढे दुसरी बोट शिरली तर लॉक हातचा जातो, वेळ जातो, म्हणून मागून येणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून पोटात गोळा येतो. या पुस्तकात संथपणा कुठेच नाही. बोट तितकीच हळू चालते, पण तिच्यावरची माणसं धावत असतात.

म्हणजे ‘हळू’ हा कालव्याचा गुण नाहीच. तो प्रवाशाचा गुण आहे. ज्याला पोचायचं नाही त्याच्यासाठी ताशी साडेसहा किलोमीटर म्हणजे शांतता. ज्याला पोचल्यावरच पैसे मिळतात त्याच्यासाठी तोच वेग म्हणजे छळ. शांततेची पुस्तकं हा फरक लपवतात. स्मिथचं पुस्तक लपवत नाही आणि तरीही ते हसवतं, कारण तिघी मुली एकमेकींवर वैतागतात, रुसतात, पुन्हा एकाच भांड्यात खातात. त्या मुली काही महिन्यांनी आपापल्या घरी परतू शकत होत्या आणि शेजारच्या बोटीतल्या बायका परतू शकत नव्हत्या, हेही तिला माहीत आहे. कामाची खरी गंमत काम करणाऱ्यालाच सांगता येते. बघणारा फार तर कौतुक करतो.

मग ‘ग्रेट कॅनल जर्नीज’ या टीव्ही मालिकेचं काय? टिमोथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नट-नटीचं जोडपं. ‘फॉल्टी टॉवर्स’मधली सिबिल ती हीच. दोघंही तेव्हा ऐंशीच्या घरात होती, आयुष्यभर कालव्यांवर फिरलेली. २०१४ पासून त्यांच्या बोटीच्या फेऱ्या दाखवल्या गेल्या, ती मालिका केरळच्या बॅकवॉटरपर्यंतही येऊन गेली. वरकरणी हा सगळा साचा तोच आहे: किटली, बदक, पूल. पण प्रुनेला यांची स्मृती हळूहळू जात होती, आणि ते प्रेक्षकांपासून लपवलेलं नव्हतं. लॉक उघडायची पद्धत त्यांच्या हातांना आठवायची. ती जागा आधी पाहिली होती हे मात्र आठवायचं नाही. नवरा सुकाणूवरून सांगत राहायचा. इथे हळू जाण्याला कारण आहे. फाटक कोण उघडतं हे इथे स्पष्ट दिसतं, आणि ते उघडण्याची किंमतही दिसते. म्हणून ती मालिका साच्यात असूनही साच्याच्या वर जाते. तिची नक्कल करणारे धुकं आणि किटली उचलतात. ते म्हातारं जोडपं त्यांना उचलता येत नाही.

आपल्या नहरीला बोट का नाही

आता भंडाऱ्याकडे. आमच्याकडे ‘कालवा’ हा शब्द सरकारी कागदावर असतो, बोलण्यात ‘नहर’. नहर म्हटलं की पाणी येणार की नाही एवढाच विषय. इंग्लंडचा कालवा मुद्दाम सपाट ठेवलेला असतो, चढ आला की लॉक. त्यातलं पाणी जागच्या जागी थांबतं आणि प्रत्येक वेळी लॉक उघडला की साधारण लाखभर लिटर पाणी खाली उतरतं, म्हणून वर तलाव बांधून ठेवावे लागतात. सिंचनाची नहर याच्या उलट. तिला उतार हवा, पाणी वाहिलं पाहिजे, आणि ते पाळीने सोडलं जातं. पाळी संपली की तळ दिसतो. तिथे बोट चालत नाही हा काही आपला मागासलेपणा नाही. नहरीचं काम वेगळं आहे.

पण एक काळ असा होता की आमच्या नद्यांकडे बोटीचा रस्ता म्हणून बघितलं गेलं. आर्थर कॉटन यांनी १८५२ पर्यंत गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला, त्याच्या कालव्यांमध्ये बोटींसाठी लॉक होते. मग बेत आखला गेला की समुद्रापासून गोदावरी, तिथून प्राणहिता, तिथून वर्धा नदी असा जलमार्ग करायचा. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, म्हणजे आमचंच पाणी. कशासाठी? वऱ्हाड-नागपूरचा कापूस किनाऱ्यावर न्यायला आणि तिथून लँकेशायरला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि या बेताला जोर चढला. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते चुकवायला बंधारे, कालवे, लॉक असं काम सुरू झालं. दुम्मागुडेमला त्यातलं काही उभंही राहिलं. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये तो जलमार्ग सोडून देण्यात आला.

१७६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टरला स्वस्त कोळसा दिला, त्या कोळशावर गिरण्या वाढल्या, आणि शंभर वर्षांनी त्या गिरण्यांची भूक गोदावरीच्या पात्रातून वर सरकत आमच्या दारापर्यंत आली. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या निवांत पुस्तकांत हा धागा शोधून सापडत नाही. बदकाच्या मागचं पाणी एवढं लांबपर्यंत जातं हे लेखकाला माहीत नसतं असं नाही. तेवढी लांबी त्या साच्यात मावत नाही.

आता आमच्या पाण्यावर कोण लिहिणार

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. ३३ दरवाजे, जवळपास अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट, २००९ पासून राष्ट्रीय प्रकल्प. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो कित्येक हजार कोटींवर गेला. गावं उठली. वाहती नदी तलाव झाली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला येऊन याच पाण्यात साचतं, त्यावर जलपर्णी माजते. आणि आता याच जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला गेलाय. आंभोऱ्याला, जिथे पाच नद्या मिळतात, मोठा केबलचा पूल झालाय, त्याच्यावर उंच प्रेक्षक गॅलरी आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला अशी परंपरा आहे. अंबाजोगाईचाही तोच दावा आहे, वाद जुना आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथावर भांडणं होतात, पण याच घाटावर पूल होईपर्यंत डोंग्यातून माणसं पार करणाऱ्या ढिवराबद्दल वाचायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

पर्यटन होऊ नये असं माझं म्हणणं नाही. त्यातून कोणाला रोजगार मिळाला तर चांगलंच आहे. मला भीती मजकुराची आहे. बोटी सुरू झाल्या की रील्स येतील, ब्लॉग येतील, दिवाळी अंकात लेख येतील, आणि त्यांची भाषा आधीच तयार आहे. निळंशार पाणी, मावळतीचा सूर्य, विदर्भाचं मिनी अमुकतमुक, धकाधकीतून दूर. हा इंग्लंडच्या कालव्यावरचाच साचा आहे, फक्त किटलीच्या जागी कटिंग. आणि तो इथे जास्त खोटा आहे. रोल्ट निदान संपत चाललेली माणसं बघून लिहीत होता. आमच्याकडे पाण्याखालच्या गावातली माणसं पुनर्वसनाच्या वस्तीत जिवंत आहेत, त्यांना फोन लावता येतो.

मराठीत पाण्याजवळ राहून लिहायची परंपरा नाही असं नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. नवेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. कोहळी लोकांनी बांधलेला तो जुना तलाव, त्यातले पक्षी, मासे, त्यांची स्थानिक नावं हे चितमपल्लींनी लिहून ठेवलं, आणि नाव कोणी सांगितलं, कोणाच्या तोंडून ऐकलं हेही बऱ्याचदा नोंदवलं. माझ्या दृष्टीने हे फार मोठं काम आहे. शब्द ज्याच्या हातातून आला त्याचं ऋण मान्य करणं हेही फाटक कोण उघडतं ते सांगणंच आहे. त्यांच्या पानांत जाळं टाकणाऱ्याला पक्ष्याचं नाव माहीत असतं. त्याला माशाचा भाव काय मिळाला हे मात्र क्वचित येतं. चितमपल्लींना ते लिहायचंच नव्हतं, त्यांचा शोध वेगळा होता. पण ती जागा अजून रिकामी आहे, आणि ती आता आमच्या पिढीच्या वाट्याला आलीय.

म्हणून गोसीखुर्दच्या बोटीवरचा पहिला चांगला लेख कसा असेल याचा मी विचार करत असतो. त्यात सूर्यास्त असेल, का नसावा, तो सुंदरच असतो. पण बोट चालवणारा आधी काय करायचा हे त्यात असेल. तो ढिवर असेल तर वाहत्या नदीत कुठले मासे मिळायचे आणि थांबलेल्या पाण्यात कुठले मिळतात हे तो सांगेल. धरणाचे दरवाजे उघडायचा हुकूम कुठून येतो, खालच्या गावांना तो किती वेळ आधी कळतो, हे असेल. नहरीच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचलं का, रोवणी वेळेवर झाली का, हे असेल. तिकिटाचे पैसे कोणाकडे किती जातात हे असेल. हे सगळं विचारायला दोन दिवस लागतील, आणि ते दोन दिवस बोटीच्या बाहेर काढावे लागतील.

वाचायचा क्रम विचाराल तर मी म्हणेन आधी एमा स्मिथ, मग रोल्ट. त्यानंतर नवेगावचे चितमपल्ली. पुढचं पुस्तक बाजारात नाही. पवनी, कुही, भंडारा या भागातल्या कोणाच्या तरी फोनच्या नोट्समध्ये ते कदाचित सुरू झालं असेल. त्या माणसाला एवढंच सांगायचंय की जलाशयाचा फोटो टाकण्याआधी, बोट काठाला लागल्यावर, दोर बांधणाऱ्याशी बोलून ये.